मोठ्या पडद्यावरचे लहान चित्र

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी कुटुंबांत दूरचित्रवाणीला करमणुकीपलीकडचे एक स्थान आहे. ज्या घरांतील मुले इंग्रजी वा कन्नड माध्यमात शिकतात, त्या घरांत वडीलधाऱ्यांच्या बोलण्याखेरीज कानांवर पडणारी मराठी बहुधा या पडद्यावरूनच येते. आजीची रात्रीची मालिका, आषाढीला पंढरपूरची पूजा, रविवारचा जुना बोलपट यांच्या निमित्ताने तीन पिढ्या एका खोलीत बसतात. म्हणूनच त्या पडद्यावरचे चित्र धड दिसावे ही अपेक्षा आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ यांनी मुंबई-पुणेकरांना वेड लावले, तेव्हा सीमाभागाला त्यांची वर्णने ऐकूनच समाधान मानावे लागले; मुंबईच्या मनोऱ्यावरील लहरींची धाव इतक्या दूरवर नव्हती. १९९४ साली दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावर गेली, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, आणि अंतराचा प्रश्न मिटला. आता प्रश्न उरला आहे तो स्पष्टतेचा.

हौसेने ४३ इंची नवा टीव्ही भिंतीवर चढवावा, आणि मराठी वाहिनी लावताच माणसांचे चेहरे धूसर, अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसाव्यात, हा अनुभव घरोघरी आहे. दोष टीव्हीचा नसतो, हिशेबाचा असतो.

हिशेब ठिपक्यांचा

आपल्याकडील साध्या, म्हणजे एसडी चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एकूण ४,१४,७२०. पूर्ण एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. ही बरोबर पाचपट झाली. ‘फोर-के’ म्हणून जे टीव्ही विकले जातात त्यांत तर वीसपट. एका ठिपक्याची जागा पाच किंवा वीस ठिपक्यांनी भरायची, तर मधले ठिपके टीव्हीला अंदाजानेच रंगवावे लागतात. पायलीभर पिठात पसाभर गूळ घातल्यावर गोडी कितीशी येणार?

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. एसडी चित्र पूर्ण येत नाही. आधी विषम ओळी, मग सम ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रे येतात आणि टीव्ही ती जुळवतो. जुळणी चुकली की धावत्या खेळाडूच्या कडेला फणीसारखे दाते दिसतात. शिवाय एकाच उपग्रहमार्गावर अनेक वाहिन्या दाटीवाटीने बसवलेल्या असल्यामुळे चित्र दाबून पाठविले जाते. दिंडीतील पताकांची दाटी दिसू लागली की चौकटी पडतात त्या यामुळे. जुन्या काचेच्या टीव्हीचा पडदा लहान आणि प्रकाशरेषा मऊ असल्यामुळे हे सारे दोष झाकले जात.

घरच्या घरी उपाय

पहिला उपाय तारेचा. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या टोकांची तार असेल, तर त्यांतील एकट्या पिवळ्या तारेतून प्रकाश आणि रंग एकत्र मिसळून येतात व पुन्हा वेगळे करताना बिघडतात. एचडीएमआय तार जोडता येईल असा बॉक्स घ्यावा. वाहिनी साधीच असली तरी चित्रात फरक पडतो.

दुसरा उपाय आकाराचा. पुष्कळ जुने कार्यक्रम ४:३ प्रमाणाचे आहेत. पडदा भरावा म्हणून ते ताणले की सडपातळ नायिकाही स्थूल दिसते. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. चित्र जेवढे कमी ताणावे तेवढे ते नीटस.

तिसरा उपाय रिमोटवरचा. दुकानात झगमगाटासाठी ठेवलेली ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ पद्धत सोडून ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ निवडावी. ‘शार्पनेस’ वाढविल्याने स्पष्टता वाढते हा गैरसमज आहे. त्याने फक्त कडांना पांढरी किनार येते. ती किनार नाहीशी होईपर्यंत तो कमी करावा. ‘नॉइज रिडक्शन’ मध्यम असावे. फार वाढविल्यास चेहरे मेणाचे दिसतात.

चौथा उपाय बॉक्सच्या मेनूतला. तेथे चित्र ५७६ वर किंवा १०८० वर पाठविण्याची सोय असते. पहिल्यात चित्र मोठे करण्याचे काम टीव्ही करतो, दुसऱ्यात बॉक्स. कोणाचे काम सरस हे जोडीजोडीवर अवलंबून आहे. वृत्तवाहिनीवर तळाशी सरकणारी अक्षरे दोन्ही प्रकारे पाहावीत आणि जी सुबक दिसतील ती पद्धत कायम करावी.

पाचवा उपाय अगदी फुकटचा: खुर्ची मागे घ्यावी. एसडी चित्र पडद्याच्या उंचीच्या सुमारे सहापट अंतरावरून बरे दिसते. एचडीला तीनपट पुरते. ३२ इंची टीव्हीसाठी हे अंतर ८ फूट, ४३ इंचीसाठी साडेदहा फूट आणि ५५ इंचीसाठी साडेतेरा फूट भरते. गल्लीतल्या जुन्या घराचा सोपा दहा फुटांचा असेल, तर ५५ इंची पडद्याचा मोह आवरलेलाच बरा. टीव्ही खरेदीला जाण्यापूर्वी भिंतीपासून बैठकीपर्यंत टेप लावून पाहावी.

उपायांची मर्यादा

मृगापासून श्रावणापर्यंत बेळगाव-खानापूरकडे पावसाची झड लागते, तेव्हा चित्र थिजते, तुटते. दाट पावसात उपग्रहाच्या लहरी क्षीण होतात. त्यावर रिमोटचा इलाज नाही. छत्रीची दिशा व तारेच्या जोडातील ओल मात्र पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावी.

खरी सुधारणा मूळ चित्रातूनच होते. २०१६ साली प्रमुख मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या निघाल्या, आणि २०१९ पासून वाहिन्या एकेक निवडण्याची मुभा ग्राहकास मिळाली. कर्नाटकात मिळणाऱ्या तयार संचांत कन्नड वाहिन्यांचा भरणा असणे स्वाभाविकच. मराठी वाहिन्या आपण नावानिशी मागून घ्याव्या लागतात. सगळ्याच एचडी घेण्याचे कारण नाही. घरात रोज लागणारी एक-दोन एचडी घ्यावीत, बाकीच्या साध्या असू द्याव्यात.

जुन्या कार्यक्रमांचे तसे नाही. ‘चिमणराव’ मुळातच कृष्णधवल आणि एसडी. त्याला कोणतीही नवी आवृत्ती ठिपके उसने देऊ शकत नाही. ते मधल्या चौकटीत, थोडे दुरून, खोलीतला दिवा मंद करून पाहावे. नातवंडांना त्यातले विनोद समजावून सांगताना पडदा लहान झाल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही.