आजीच्या ताटातले अंडे

'या वयात मला काय लागतंय? चहात पाव बुडवला की झालं.' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. अंडे नातवाच्या ताटात सरकवायचे आणि स्वतः भाकरी-चटणीवर भागवायचे, याला आपण माया म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. शरीर मात्र वेगळा हिशेब मांडते.

आपल्या पेशींत प्रथिनांची मोडणी आणि बांधणी रात्रंदिवस चालते. बिघडलेले प्रथिन मोडायचे आणि त्याचे तुकडे नव्या कामाला घ्यायचे, जुन्या भिंतीच्या विटा नव्या भिंतीत लावाव्यात तसे. पेशी आपलाच कचरा कसा पचवते, हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून शोधले. त्याबद्दल त्यांना २०१६ साली नोबेल मिळाले. तेव्हा मोडणी वाईट नव्हे. पण यीस्टवरचा प्रयोग ऐकून आधीच वाळलेल्या आजीला 'उपास करा, पेशी साफ होतील' असे कुणी सांगत असेल, तर ते आम्हाला पटत नाही.

कारण जेवल्यावर स्नायूंची मोडणी मंदावते आणि पोट रिकामे राहिले की वाढते. तरुणपणी पुढच्या जेवणात ही तूट भरून निघते. म्हातारपणी तेवढ्याच डाळीने तेवढा स्नायू बांधला जात नाही. मग मांड्या बारीक होतात, जिना चढताना कठडा लागतो, मोरीत पाय सटकतो.

म्हणून पासष्टीपुढे वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे २०१३ साली वृद्धांच्या आहारावरील तज्ज्ञांच्या गटाने सुचवले. ५० किलोच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, पन्नास ग्रॅम कच्च्या तूरडाळीत ११. दोन ज्वारीच्या भाकरीही ८-१० ग्रॅम देतात. सुकट, बोंबील, मटकीची उसळ आपल्या घरात नवी नाही. फक्त वरण पाण्यासारखे नको, आणि सगळे दुपारीच नको; सकाळी-रात्रीही थोडे हवे. दात नसतील तर डाळीचे घट्ट पिठले, कुस्करलेले अंडे चालते. जोडीला रोज खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस. कामाला न लावलेला स्नायू नुसत्या खाण्याने वाढत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांच्या घरी आज रात्री अंडी शिजतील, तेव्हा एक आजीचे धरूनच पातेल्यात टाका.