सफाई की सफाया? : ‘क्लीनअप’ या शब्दाचे दोन चेहरे

‘क्लीनअप’ हा इंग्रजी शब्द आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. ब्युटी पार्लरच्या दरफलकावर तो फेशियलच्या शेजारी दिसतो, संगणकात ‘डिस्क क्लीनअप’ म्हणून भेटतो आणि रस्त्यावर घाण करणाऱ्यांना दंड करण्यासाठी मुंबई महापालिकेने नेमलेल्या ‘क्लीनअप मार्शल’मुळे तो मराठी बातम्यांतही रुळला. या तिन्ही ठिकाणी अर्थ सरळ आहे : नको असलेले काढून टाकणे. परंतु हाच शब्द एखाद्या लष्करी मोहिमेला लावला जातो, तेव्हा त्याला मराठीत कोणता प्रतिशब्द द्यावा, हा प्रश्न केवळ भाषांतरकाराचा राहत नाही. सावलीसारख्या, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरील जंगलपट्ट्यात राहणाऱ्या वाचकाशी तर त्याचा फार जवळचा संबंध आहे.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘क्लीन’ म्हणजे स्वच्छ. त्यापुढील ‘अप’चा येथे ‘वर’ असा अर्थ नाही. काम पुरते झाले, काही शिल्लक राहिले नाही, एवढेच तो सुचवितो. मराठी भाषा हे काम सहायक क्रियापदाकडून करून घेते. आपण अंगण ‘झाडतो’ आणि ‘झाडून काढतो’, पाटी ‘पुसतो’ आणि ‘पुसून टाकतो’. दुसऱ्या रूपात जो पुरेपणा आहे, तोच ‘अप’मध्ये आहे. लाक्षणिक अर्थांची सारी बीजे या पुरेपणातच आहेत.

इंग्रजी लक्षणा आणि मराठी वाक्प्रचार

इंग्रजीत एखाद्याने व्यवहारात भरपूर पैसा मिळविला, तर त्याने ‘क्लीनअप’ केले असे म्हणतात. मराठीत अशा वेळी तो ‘हात धुऊन घेतो’. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात चौथ्या क्रमांकाच्या फलंदाजाला ‘क्लीनअप हिटर’ म्हणतात. आधीच्या तिघांपैकी जे मैदानातील तळांवर पोहोचून थांबले असतील, त्यांना एका जोरदार फटक्यात घरी आणून तळ मोकळे करणे हे त्याचे काम. वागणूक सुधारणे, कारभारातील भ्रष्टाचार दूर करणे, यांसाठीही हाच शब्द चालतो.

मराठीतही झाडू आणि पाणी यांनी अशीच कामे केली आहेत. ‘झाडून सारे आले’ म्हणजे एकही जण मागे राहिला नाही. ‘झाडाझडती’ म्हणजे कसून घेतलेला शोध. चोर ‘हात साफ करतो’, जादूगार ‘हातसफाई’ दाखवितो आणि निवडणुकीत एखाद्या पक्षाचा ‘सुपडा साफ’ होतो. ‘साफ’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला. त्याच्याच कुळातील ‘सफाई’ आणि ‘सफाया’ हे दोन शब्द आज मराठीत नांदतात. इंग्रजीतील एकाच शब्दाची दोन कामे येथे दोघांनी वाटून घेतली आहेत, आणि ही वाटणी फार मोलाची आहे.

सफाई : आपला केर आपण काढणे

सावलीला या शब्दाच्या मूळ अर्थाचा इतिहास जवळचा आहे. १९३६ च्या फेब्रुवारीअखेर व मार्चच्या प्रारंभी गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीत भरले होते आणि गांधीजी त्यासाठी येथे आले होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९३५ मध्ये, वर्ध्यालगतच्या सिंदी गावात महादेवभाई देसाई, मीराबेन आदी त्यांचे सहकारी स्वतःच्या हाताने रस्त्यावरची घाण उचलत होते. विदर्भातच जन्मलेले गाडगेबाबा (१८७६-१९५६) दिवसा गावाचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा, कर्जबाजारीपणा व अस्पृश्यता यांवर बोट ठेवीत. शब्दाचा वाच्यार्थ दिवसा आणि लक्ष्यार्थ रात्री, असेच याचे वर्णन करता येईल. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले.

या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. झाडणारा स्वतः केरात उतरतो, काढलेली घाण कोठे टाकायची याचा विचार करतो आणि गावातील कोणा माणसाला घाण ठरवीत नाही.

मोहाखालचा पाला

परंतु केर कशाला म्हणावे, हे नेहमीच इतके स्पष्ट नसते. सावली तालुक्यातील व वैनगंगेपलीकडील गावांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा हंगाम असतो. फुले रात्री व पहाटे गळतात. वाळलेल्या पाल्यात ती दिसत नाहीत, पाल्याखाली साप-विंचू असला तरी कळत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी झाडाखालची जागा साफ करण्यासाठी पाला पेटवून देतात. वेचणाऱ्याच्या दृष्टीने ही सफाईच होय. पण उन्हाळ्यात ती आग झाडाखाली थांबतेच असे नाही. वारा फिरला की ती जंगलात शिरते. मोठी झाडे बहुधा वाचतात. रोपे, पडलेले बी, जमिनीवरील पक्ष्यांची अंडी आणि पुढे खत होणारा पाला मात्र जळून जातो. त्यात मोहाचीही रोपे असतात. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. तथापि कायद्यापेक्षा साधा उपाय म्हणजे पाला झाडून बाजूला घेणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे.

जो पाला वेचणाऱ्याला केर वाटतो, तोच जंगलाला खत असतो. केर ही वस्तूची जात नसून पाहणाऱ्याचा निर्णय आहे, हे येथे ध्यानात येते. सफाईचा सफाया होतो तो याच वळणावर.

सफाया : माणसाला केर ठरविणे

हा निर्णय माणसांबाबत घेतला गेला म्हणजे काय होते, याचे दाखले जगभर आहेत. पाकिस्तानात १९९२ मध्ये कराची व सिंध प्रांतात लष्कराने जी मोहीम चालविली, तिचे नावच ‘ऑपरेशन क्लीनअप’ होते. झिम्बाब्वेमध्ये २००५ साली शहरांतील झोपड्या व छोटे बाजार पाडण्यात आले. त्या मोहिमेच्या ‘मुरंबात्स्विना’ या शोना भाषेतील नावात घाण हाकलण्याचा अर्थ आहे. घर किंवा रोजगार गमावलेल्यांची संख्या सुमारे ७ लाख असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाने दिला. ज्यांची घरे गेली, त्यांना त्या नावाने आधीच कचरा ठरविले होते.

आपल्याकडेही ‘जंगलाचा सफाया’, ‘नक्षलवाद्यांचा सफाया’ असे मथळे वर्षानुवर्षे छापले गेले. हिंसाचाराचे समर्थन कोणी करणार नाही. गडचिरोलीत पोलीस जवान, आदिवासी आणि अन्य नागरिक यांनी त्याची जबर किंमत मोजली आहे. प्रश्न शब्दाच्या नेमकेपणाचा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती हा माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. त्यांनी शस्त्रे खाली ठेवली आणि ते जिवंत परतले. ‘सफाया’ या शब्दात अशा परतीला जागाच नाही, कारण केर परत घरात येत नसतो.

म्हणून ‘क्लीनअप’चे भाषांतर करताना तीन प्रश्न विचारावेत : काय काढले, कोणी काढले आणि ते गेले कोठे? तिन्हींची उत्तरे मिळत असतील, तर ‘सफाई’ हा शब्द निःशंकपणे वापरावा. मिळत नसतील, तर घडले ते सरळ सांगावे. माणसे ठार झाली असतील तर ‘ठार झाली’, शरण आली असतील तर ‘शरण आली’, घरे पाडली असतील तर ‘पाडली’, झाडे तोडली असतील तर ‘तोडली’ असे लिहावे. मराठीत या प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र क्रियापद आहे. ते असताना सर्वांवर एकच झाडू फिरविण्याचे कारण नाही.