मुलगी आणि रडार?

परवा माझी धाकटी बहीण कराडहून आली ती तोंड पाडूनच. झालंय असं, की भाचीला एम.टेक.ला प्रवेश मिळालाय. मायक्रोवेव्ह इंजिनीअरिंग, तेही पार बंगळूरला. "ताई, ती म्हणते रडारमध्ये काम करायचंय. मुलीच्या जातीला हे काय सुचलं? सासूबाई म्हणतात, आधी लग्नाचं बघा."

मी भाचीलाच गाठलं. "मला समजेल असं सांग बाई."

"मावशी, विहिरीत वाकून हाक मारली की आवाज परत येतो ना? रडार तसंच. फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी. त्या आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून विमान किती लांब आहे ते कळतं."

"आणि शत्रूच्या रडारला दिसायचंच नसेल तर?"

"आरसा तिरपा धरलास की कवडसा तुझ्या डोळ्यांवर न येता भिंतीवर जातो. विमानाचे पत्रे तसे तिरपे ठेवायचे, वरून लहरी शोषणारा लेप द्यायचा. अमेरिकेचं एफ-११७ विमान १९८१ साली पहिल्यांदा उडालं, ते असंच होतं. अगदी अदृश्य होत नाही हं, पण परत जाणारी हाक फार बारीक होते."

कळलं की मला! मग मी बहिणीला राजेश्वरी चटर्जींबद्दल सांगितलं. जन्म १९२२चा, म्हैसूर संस्थानातला. आजी कमलम्मा दासप्पा त्या संस्थानातल्या सुरुवातीच्या पदवीधर बायकांपैकी एक, म्हणजे शिक्षणाचं बी घरातच होतं. गणितात एम.एस्सी. करून राजेश्वरीबाई १९४३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनाला लागल्या. १९४७ साली, पंचविशीत, बिनलग्नाच्या, सरकारी शिष्यवृत्तीवर त्या अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात गेल्या. आज आपण कराड-बंगळूरला घाबरतोय!

१९५३ साली पीएच.डी. होऊन परतल्या आणि त्याच संस्थेत शिकवू लागल्या. लग्न केलं ते तिथल्याच शिशिरकुमार चटर्जींशी. मायक्रोवेव्ह आणि अँटेना हे दोघांचेही विषय. अँटेना म्हणजे रडारचं तोंड नि कान दोन्ही, असं भाचीनं मध्येच सांगितलं. या विषयांची प्रयोगशाळा दोघांनी मिळून उभी केली. बाईंच्या हाताखाली वीस जण पीएच.डी. झाले, शंभरावर शोधनिबंध निघाले. १९८२ साली निवृत्त झाल्यावर त्या स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करू लागल्या. २०१० साली गेल्या. त्यांची मुलगीही इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचीच प्राध्यापक झाली.

बहीण गवार मोडत ऐकत होती. गवार संपली तरी बोलेना. मग म्हणाली, "लग्न कितव्या वर्षी झालं म्हणालीस?"

"एकतिसाव्या."

ती मनाशी काहीतरी हिशेब करत राहिली. मग आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अगं, फी कधीपर्यंत भरायचीय? आणि होस्टेलचे वेगळे किती?"

सासूबाईंशी मात्र मीच बोलायचंय, असं ठरलंय.