पाचारण आणि पगार : अमेरिकेतील मेगाचर्चमधील नोकरी व नेतृत्व

अमेरिकेतील प्रोटेस्टंट ख्रिस्ती जीवनात गेल्या अर्धशतकात जी स्थित्यंतरे झाली, त्यांत ‘मेगाचर्च’ या संस्थाप्रकाराचा विस्तार विशेष महत्त्वाचा आहे. ज्या मंडळीच्या साप्ताहिक उपासनेला सरासरी २,००० किंवा त्याहून अधिक लोक उपस्थित राहतात, तिला अभ्यासक मेगाचर्च म्हणतात आणि अशा मंडळ्यांची संख्या तेथे दीड हजारांहून अधिक आहे. भाविकांच्या दृष्टीने ते उपासनास्थान असते. परंतु त्याच छताखाली पाळक, संगीतकार, ध्वनितंत्रज्ञ, हिशेबनीस, बालवर्गाचे शिक्षक आणि सफाई कामगार पगारावर काम करीत असतात. या कार्यस्थळी सत्ता कोणाच्या हाती असते, तिच्यावर अंकुश कोणाचा असतो आणि तो सुटला तर किंमत कोणाला मोजावी लागते, हे तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जुन्या ख्रिस्ती पंथांनी अधिकाराची उतरंड शतकानुशतके घडवलेली आहे. मेथडिस्ट मंडळ्यांत पाळकाची नेमणूक व बदली बिशप करतो, तर प्रेस्बिटेरियन पंथात स्थानिक मंडळीच्या वर प्रेस्बिटरी, म्हणजे त्या प्रदेशातील पाळक आणि वडील यांची सभा, असते. मेगाचर्चपैकी अनेक मात्र कोणत्याही पंथाशी संलग्न नसतात किंवा त्यांचा पंथाशी असलेला संबंध सैल असतो. तेथे संस्थापक हाच प्रमुख उपदेशक, तोच मुख्य कार्यकारी आणि बहुधा संस्थेची सार्वजनिक ओळखही तोच असतो. त्याच्यावर देखरेख ठेवणारे ‘एल्डर’, म्हणजे मंडळीचे वडील, पुष्कळदा त्याच्याच प्रभावाखाली निवडले जातात. परिणामी तक्रारदाराला दाद मागण्यासाठी वरची पायरीच उरत नाही.

या रचनेला ‘पाचारणा’ची, म्हणजे देवाने या कामासाठी आपल्याला बोलावले आहे या श्रद्धेची, जोड मिळते. ही श्रद्धा खरी असते आणि तिच्या बळावर माणसे कमी वेतनात निष्ठेने सेवा करतात, हे नाकारता येत नाही. मात्र जेथे काम हीच सेवा मानली जाते, तेथे जादा तासांबद्दल बोलणे म्हणजे समर्पणातील उणीव आणि वरिष्ठांशी मतभेद म्हणजे देवकार्यातील अडथळा, असा अर्थ सहज लावला जातो. शिवाय मालक आणि धर्ममंडळी एकच असल्यामुळे नोकरी सुटणाऱ्याचे केवळ वेतन थांबत नाही. ज्या मंडळीत त्याची मुले वाढली, आजारपणात ज्यांनी घरी डबे पोहोचवले आणि ज्यांच्याबरोबर त्याने प्रार्थना केली, त्या सर्वांपासून तो एकाच दिवशी तुटू शकतो.

शिकागोजवळील विलो क्रीक कम्युनिटी चर्चचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. बिल हायबेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये पॅलाटाइन येथील एका चित्रपटगृहात सुरू केलेली ही मंडळी पुढे देशातील सर्वांत प्रभावी मंडळ्यांपैकी एक बनली आणि १९९५ पासून भरणाऱ्या तिच्या नेतृत्व परिषदेतून पाळकांबरोबर उद्योगजगतातील मंडळींनाही नेतृत्वाचे धडे दिले जाऊ लागले. मार्च २०१८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ने हायबेल्स यांच्यावरील गैरवर्तनाच्या आरोपांचा तपशीलवार वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील काही आरोप वडील मंडळापर्यंत २०१४ मध्येच पोहोचले होते आणि त्यांच्या चौकशीत हायबेल्स निर्दोष ठरवले गेले होते. आरोप अमान्य करीत त्यांनी एप्रिलमध्ये पद सोडले. प्रारंभी मंडळीच्या नेतृत्वाने तक्रारदार स्त्रियांच्या हेतूंवरच संशय घेतला. मात्र ऑगस्टमध्ये एका माजी सहायिकेची कैफियत ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आल्यानंतर प्रमुख पाळक पायउतार झाल्या आणि संपूर्ण वडील मंडळानेही पद सोडण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्वतंत्र सल्लागार गटाने आरोप विश्वासार्ह ठरवले. हायबेल्स पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांना शब्दांनी आणि भावनिक दडपणाने धाक दाखवीत आणि त्यांच्यावर परिणामकारक देखरेख ठेवणे मंडळाला अनेक दशके जमले नाही, असाही त्या गटाचा निष्कर्ष होता. नेतृत्व शिकवण्यात जगाला अग्रेसर वाटणाऱ्या संस्थेला स्वतःच्या नेत्याला प्रश्न विचारता आला नाही, हे त्या अहवालाचे सार आहे.

सिएटलमधील मार्स हिल चर्चमध्ये तोच दोष नियमावलीच्या मार्गाने शिरलेला दिसतो. मार्क ड्रिस्कॉल आणि दोन सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या या मंडळीने २००७ मध्ये उपविधी बदलून सर्व वडिलांच्या हाती असलेला निर्णयाधिकार मोजक्या कार्यकारी वडिलांकडे सोपवला. या बदलाला आक्षेप घेणाऱ्या दोन पाळकांना त्याच सुमारास बडतर्फ करण्यात आले आणि उरलेल्यांना त्यातून जो बोध घ्यायचा तो त्यांनी घेतला. पुढील सात वर्षांत मंडळी पाच राज्यांतील १५ शाखांपर्यंत पोहोचली व साप्ताहिक उपस्थिती १२,००० च्या वर गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये मात्र २१ माजी पाळकांनी ड्रिस्कॉल यांच्याविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली आणि त्यांच्याच सहभागाने उभ्या राहिलेल्या ‘ॲक्ट्स २९’ या मंडळ्यांच्या जाळ्यानेही त्यांना दूर केले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. ते अपात्र ठरत नसले तरी अहंकार, शीघ्रकोप आणि कठोर वाणी हे दोष त्यांच्यात आढळले, असे मंडळीच्या चौकशीने म्हटले. वर्ष सरता सरता ही मध्यवर्ती संस्था विसर्जित झाली. एका व्यक्तीच्या आधारावर उभारलेली संस्था त्या व्यक्तीमागे तीन महिनेही टिकली नाही.

कायदाही अशा कर्मचाऱ्याला फारसा आधार देत नाही. मिशिगनमधील एका लुथरन शाळेतील शिक्षिकेने आजारपणानंतर नोकरी गमावल्याबद्दल केलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये एकमताने निकाल दिला, की धर्मसेवकांची निवड वा बडतर्फी हा चर्चचा अंतर्गत विषय असून तेथे नोकरीतील भेदभावविरोधी कायदे लागू होत नाहीत. २०२० च्या निकालाने ही सवलत धर्मशिक्षणाचे काम करणाऱ्या इतर शिक्षकांपर्यंत विस्तारली. शासनाने धर्मगुरू निवडू नयेत, हे त्यामागील तत्त्व रास्तच आहे. परंतु या स्वातंत्र्यामुळे अंतर्गत न्यायाची जबाबदारी सर्वस्वी चर्चवर येते. त्यातच चर्चचे कर्मचारी बहुतांशी शासकीय बेकारी विम्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे बडतर्फ झालेल्याला घरभाडे भरण्यासाठी चर्च देईल त्या सेवासमाप्तीच्या रकमेवर विसंबावे लागते आणि ती रक्कम मौनाच्या करारावर सही केल्यासच मिळणार असेल, तर ती सही कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न उरतो. मार्स हिलच्या अनेक माजी कर्मचाऱ्यांपुढे अशाच अटी ठेवल्या गेल्या होत्या.

धर्मवचनांचा उपयोगही कधी कधी याच दिशेने होतो. अपराध करणाऱ्या बंधूला प्रथम एकांतात भेटून समजवावे, ही मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण समान पातळीवरील माणसांत सलोखा घडवते. पण कनिष्ठ सहायकाने सर्वसत्ताधीश वरिष्ठाच्या दालनात एकटे जाऊन आपले गाऱ्हाणे मांडावे, असा तिचा नियम बनवला, की तीच शिकवण तक्रार दडपण्याचे साधन होते. वस्तुतः त्याच उताऱ्यात पुढे साक्षीदार नेण्याची आणि अखेरीस प्रकरण मंडळीपुढे मांडण्याची तरतूद आहे. पहिली पायरी आग्रहाने सांगणाऱ्या नेत्यांना पुढच्या दोन पायऱ्या विसरता येणार नाहीत.

धर्मसेवा आणि पगार यांतील हा ताण मराठी ख्रिस्ती समाजालाही अनोळखी नाही. ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेने १८१३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक देशी सेवकांसाठी वेतन देणारी संस्था आणि श्रद्धेचे घर एकच होते. या मिशनशी दीर्घकाळ निगडित असलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची सेवा सोडून स्वतंत्र मार्ग धरला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. टिळकांपाशी तेवढे तेज आणि समाजात तेवढे स्थान होते. प्रत्येक कर्मचाऱ्याकडून तशा त्यागाची अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे.

उपाय अज्ञात नाहीत. नियामक मंडळातील बहुसंख्य सदस्य नेत्याचे नातलग वा वेतनदार नसावेत; तक्रार नेत्याला वगळून थेट बाहेरच्या तपासणीसाकडे नेता यावी; मौनाचे करार बंद व्हावेत; वेतन आणि हिशेब मंडळीपुढे उघड असावेत; आणि नोकरी सोडणाऱ्याला मंडळीत सन्मानाने राहता यावे. अशा नियमांमुळे श्रद्धा उणावते, असे मानण्याचे कारण नाही. जेथे माणसे पगारापलीकडचे सर्वस्व कामात ओततात, तेथे त्यांच्या रक्षणाची व्यवस्था बाजारातील कंपनीहून अधिक भक्कम असली पाहिजे. ती उभारणे ही चर्चच्या नेतृत्वाच्या प्रामाणिकपणाची पहिली कसोटी होय.