वडिलांच्या गिटारच्या वहीतली एक ओळ कशी वाचायची? एका टिंबाने तार तुटू शकते!

समजा, राजारामपुरीतल्या एखाद्या गल्लीत जुनं घर आवरायला काढलंय. माळ्यावर एक गिटार सापडते आणि सोबत एक वही. वहीत एक ओळ आहे : "सा ग प सा ग प, पां. ६". पहिल्या तीन स्वरांच्या डोक्यावर टिंबं. लिहिणारे बाबा आता नाहीत आणि घरात दुसऱ्या कुणाला ही गिटार वाजवता येत नाही.

अशा वेळी वही रद्दीत जाते, गिटार जुन्या बाजारात. पण ती ओळ वाचता येते. कशी, ते बघू.

ही गिटार कुठली?

मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची ही हवाईयन किंवा स्टील गिटार. हवाई बेटांवरच्या जोसेफ केकुकू यांनी १८८० च्या दशकात ही पद्धत रुजवली, असं मानलं जातं. १९४० च्या दशकात हवाईयन वादक ताऊ मो कलकत्त्यात राहिले आणि तिथं हे वाद्य लोकप्रिय झालं. पुढे व्हॅन शिपले, हजारासिंग, सुनील गांगुली यांनी या गिटारवर वाजवलेल्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्ड घरोघरी पोचल्या.

साध्या गिटारवर बोटं हवी तशी ठेवून कॉर्ड बनवता येतो. इथं कांडी सरळ असते. त्यामुळे तारा मोकळ्या असताना जशा लावल्यात, तोच कॉर्ड कांडीसोबत वर-खाली सरकतो. म्हणून प्रत्येक वादक आपली जुळणी लिहून ठेवतो. ती हरवली, तर त्याचं वाजवणंच अर्धं हरवलं.

"पां. ६" म्हणजे काय?

पांढरी ६. पेटीवरची पट्टी. आपल्याकडे "सा" कायम एका जागी नसतो, म्हणून तो कुठल्या पट्टीत धरला ते लिहितात. पांढरी १ म्हणजे पाश्चात्त्य सी. तिथून पांढऱ्या पट्ट्या मोजत गेलं, की सहावी येते ए. सा जर ए असेल, तर ग होतो सी शार्प आणि प होतो ई. म्हणजे ओळ झाली ए, सी शार्प, ई, ए, सी शार्प, ई. ही स्टील गिटारची जगभर माहीत असलेली ए मेजर जुळणी.

तसंच "सा ग प ध सा ग, पां. १" असं दिसलं, तर ती सी सिक्स्थ जुळणी.

आणि ते टिंब?

खरी फसगत इथं होते. स्वरलेखनाच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. पं. भातखंडे यांच्या पद्धतीत टिंब खाली असेल तर मंद्र सप्तक, वर असेल तर तार सप्तक. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या पद्धतीत मात्र वरचं टिंब म्हणजे मंद्र! तार सप्तकासाठी ते वर उभी रेघ देतात. पलुसकर जन्माने आपल्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचे.

आता बाबांनी पलुसकर पद्धतीने लिहिलेलं तुम्ही भातखंडे पद्धतीने वाचलं, तर खालच्या तारा दोन सप्तकं वर ताणायला जाल. तार त्याच्या कितीतरी आधी तुटेल.

ओळखायचं कसं? वहीची बाकीची पानं बघा. भातखंडे पद्धतीत उभी रेघ फक्त तीव्र मध्यमावर असते. सा, रे, ग वरही उभ्या रेघा दिसल्या, तर वही पलुसकर पद्धतीची. कोमल स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, हलन्तासारखी खूण असेल तर पलुसकर.

दहा तारा आणि बेरीज-वजाबाकी दिसली तर?

मग ती बहुधा पेडल स्टील गिटार. अमेरिकेत १९५० च्या दशकात ती रूढ झाली. पाय पेडलवर पडला की ठरावीक तारेचा सूर चढतो. गुडघ्याने ढकलायचे लिव्हरही असतात. त्यामुळे वहीत तारांच्या ओळी आणि पेडलचे रकाने असा तक्ता असतो. ई नाइन्थ या प्रचलित जुळणीत पहिलं पेडल दाबलं, की पाचवी आणि दहावी तार बी वरून सी शार्पवर जाते. तक्त्यात बेरजेची खूण म्हणजे सूर चढतो, वजाबाकीची म्हणजे उतरतो.

आधी काय करायचं?

जुन्या तारा लगेच काढू नका. गंजल्या असल्या तरी त्या पुरावा आहेत. जाड, गुंडाळीच्या तारा खालच्या सुरांच्या आणि बारीक, साध्या तारा वरच्या. वहीतली ओळ जाड तारेकडून लिहिलीय की बारीक तारेकडून, ते यावरून पडताळता येतं.

वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. बाबांच्या वाजवण्याची कॅसेट असेल तर ऐका. टेप हळू किंवा जलद चालली तर पट्टी बदलते, पण दोन सुरांमधलं अंतर तेच राहतं. आणि त्यांच्यासोबत वाजवणारं कुणी अजून असेल, तर वही घेऊन आधी त्यांच्याकडे जा. वही उद्याही वाचता येईल, ती माणसं कायम भेटतीलच असं नाही.