गणित कच्चं असलं तर स्टॅटिस्टिक्स जमतच नाही का? पाच पगारांच्या उदाहरणातून समजून घेऊया

दिघीच्या एका बाजूला भोसरी एमआयडीसी, तर पुढे चाकणचा औद्योगिक पट्टा. या भागात राहून बीकॉम किंवा बीबीए करणाऱ्या अनेकांना एका विषयाची धास्ती असते. तो म्हणजे स्टॅटिस्टिक्स, अर्थात सांख्यिकी. विषय राहिला की एटीकेटी लागते. आणि सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो, "आधी गणित पक्कं करा, मग स्टॅट्सकडे वळा."

पण हा क्रम खरंच बरोबर आहे का?

गणित सुटतं कुठे?

महाराष्ट्र बोर्डात अकरावी-बारावी कॉमर्सला गणित ऐच्छिक आहे. त्याऐवजी सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेता येतं. आर्ट्सलाही गणिताची सक्ती नाही. म्हणजे दहावीनंतर दोन वर्षं गणिताला हातही न लावलेला विद्यार्थी पदवीला येतो आणि त्याच्यासमोर थेट प्रमाण विचलनाचं सूत्र येतं.

मुळात पायाही कच्चा असू शकतो. 'असर 2023' या पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयोगटातल्या मुलामुलींपैकी फक्त 43.3 टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं.

पण पदवीच्या सुरुवातीच्या सांख्यिकीला फार मोठं गणित लागत नाही. अडतं ते चार ठिकाणी : अपूर्णांक, टक्केवारी, ऋण संख्या आणि सूत्रात आधी काय करायचं, मग काय करायचं याचा क्रम.

पाच पगार, तीन धडे

समजा, एका छोट्या वर्कशॉपमध्ये पाच जण आहेत. त्यांचे पगार 15, 16, 17, 18 आणि 84 हजार रुपये. शेवटचा पगार मॅनेजरचा.

पहिला धडा सरासरीचा. बेरीज 150, भागिले 5, म्हणजे सरासरी 30 हजार. "आमच्याकडे सरासरी पगार 30 हजार आहे," असं मालक म्हणाला तर ते खोटं नाही. पण पाचपैकी चौघांना 18 हजार किंवा त्याहून कमीच मिळतात.

दुसरा धडा मध्यकाचा. पगार चढत्या क्रमाने लावले की मधला येतो 17 हजार. इथे भागाकारही करावा लागला नाही, आणि सरासरीपेक्षा खरं चित्र समोर आलं.

तिसरा धडा प्रमाण विचलनाचा. प्रत्येक पगारातून 30 वजा करा. उत्तरं येतात : उणे 15, उणे 14, उणे 13, उणे 12 आणि अधिक 54. यांची बेरीज करा. शून्य! म्हणजे पगारांत एवढी तफावत असूनही उत्तर सांगतं की फरकच नाही. ही अडचण टाळण्यासाठी प्रत्येक फरकाचा वर्ग करायचा, म्हणजे उणे चिन्ह जातं. वर्गांची बेरीज 3650, भागिले 5 म्हणजे 730. त्याचं वर्गमूळ साधारण 27. पगार सरासरीपासून किती विखुरलेले आहेत, हे हा 27 हजारांचा आकडा सांगतो.

सूत्रात वर्ग का असतो, हे इथे पाठ करावं लागत नाही. ऋण संख्यांची उजळणीही याच उदाहरणात होऊन जाते.

याला पुरावा काय?

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 2013 साली एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. गणितात कच्च्या ठरलेल्या 907 विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. पहिल्या गटाला नेहमीप्रमाणे आधी बीजगणिताचा उजळणी वर्ग. दुसऱ्याला तोच वर्ग आणि दर आठवड्याला जादा तास. तिसऱ्याला थेट कॉलेजचं स्टॅटिस्टिक्स, सोबत तसेच जादा तास.

पास होण्याचं प्रमाण पहिल्या गटात सुमारे 39 टक्के, दुसऱ्यात 45 टक्के आणि तिसऱ्यात 56 टक्के होतं. वरचा मानलेला विषय थेट शिकणारेच जास्त पास झाले. मात्र तिसऱ्या गटाला जादा तासांचा आधार होता, हे विसरून चालणार नाही. 'थेट शिकवा' याचा अर्थ 'वाऱ्यावर सोडा' असा होत नाही.

कारखान्याशी याचा काय संबंध?

1924 मध्ये वॉल्टर शूहार्ट या अमेरिकी तज्ज्ञाने 'कंट्रोल चार्ट' मांडला. आज वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात तो सर्रास वापरला जातो. ठरावीक वेळाने, समजा, पाच नग मोजायचे. त्यांची सरासरी काढायची, सर्वांत मोठ्या मापातून सर्वांत लहान माप वजा करायचं आणि दोन्ही आकडे आलेखावर मांडायचे. यात लागतं ते फक्त बेरीज, वजाबाकी आणि भागाकार.

टक्केवारीचंही तसंच. रिजेक्शन 2 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर गेलं, तर वाढ 1 टक्का की 50 टक्के? फरक 1 टक्का बिंदूचा आहे, पण खराब नगांचं प्रमाण दीडपट झालं, म्हणजे 50 टक्क्यांनी वाढलं. क्वालिटी विभागात नोकरी करायची असेल तर हा फरक कळायलाच हवा.

मग वर्गात काय करता येईल?

सुरुवात सूत्राने न करता विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या आकड्यांनी करता येईल : पगार, वीजबिल, बसला लागणारा वेळ. पहिली गणितं हाताने, पाच-सहा आकड्यांची. मोठी आकडेमोड कॅल्क्युलेटर किंवा एक्सेलवर. अपूर्णांक किंवा ऋण संख्या जिथे अडतील, तिथेच दहा मिनिटं उजळणी. आणि प्रत्येक उत्तराखाली एक वाक्य मराठीत लिहायचं : या आकड्याचा अर्थ काय?

हे वाक्य लिहिता आलं, तर विषय समजू लागला असं म्हणता येईल. नुसतं उत्तर तर कॅल्क्युलेटरही देतो.