नोकिया : एका निष्ठावंत गिऱ्हाईकाची कैफियत

परवा हॉस्टेलच्या मेसमध्ये एक वाद कानावर आला. विषय नेहमीचाच, "तुझा फोन भारी की माझा?" एक जण आपल्या फोनच्या कंपनीची बाजू अशी लावून धरत होता, जसं काही ती कंपनी त्याच्या मामानेच काढली आहे! मला हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. कारण वीस वर्षांपूर्वी त्याच्या जागी मी होतो. फक्त माझ्या कंपनीचं नाव होतं नोकिया.

गोष्ट २००४ ची. मी नागपूरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाबा इथे उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला. घरात पहिला मोबाईल आला तो नोकिया ११००. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हा पडला तं फरशी फुटते, फोन नाही फुटत." त्या वेळी लोडशेडिंग म्हणजे रोजचंच दुखणं. रात्री लाईट गेले की आई कंदील शोधायची नाही, फोन शोधायची. बाबा शिफ्टला निघाले की तोच फोन खिशात. शनिवारी नॅरोगेजच्या गाडीने मी उमरेडला यायचो (ती गाडी २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली), तेव्हा एस.टी.डी. बूथवर थांबायची गरज उरली नव्हती. एक मिस कॉल दिला की घरी भात लागायचा.

आजच्या पोरांना ११०० म्हणजे एक विनोद वाटतो. पण इंजिनीअरच्या नजरेने बघा. २००३ मध्ये आलेला हा फोन भारतासारख्या देशांचा विचार करून बनवला होता. कीपॅडवर सलग रबराचा पत्रा, म्हणजे धूळ आत जायची सोय नाही. बाजू खरखरीत, म्हणजे घामाच्या हातातून सटकत नाही. आणि वर टॉर्च. जगभरात असे २५ कोटींच्या वर फोन खपले. आणखी एक गंमत : नोकियाची मेसेजची ती 'टिटिटी टीट-टीट टिटिटी' आठवते? तो मोर्स कोड आहे, एस-एम-एस! इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी लॅबमध्ये बझरवर वाजवून बघावं.

निष्ठा नुसत्या टॉर्चवर बसत नाही, ती वागणुकीवर बसते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतः जाहीर केलं, की मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात, त्या बदलून देऊ. आपल्याकडे घबराट उडाली. जो तो फोन उघडून बॅटरीचा नंबर वाचत बसला. पण कंपनी पुढे येऊन चूक सांगते, हे बघून माझा विश्वास उलट वाढला. त्याच वर्षी नोकियाने ४३ कोटींहून जास्त फोन विकले. आणि त्याच वर्षी आयफोन आला.

मग असं काय झालं, की पाच-सहा वर्षांत हा डोलारा खाली आला? लोक एका वाक्यात सांगतात, "नोकियाने अँड्रॉइड घेतलं नाही म्हणून बुडाली." एवढं सोपं नाही राजेहो. कारणं क्रमाने बघू.

पहिलं कारण, सॉफ्टवेअरचा पाया. नोकियाच्या स्मार्टफोनमध्ये सिम्बियन होतं. त्याचं मूळ सायन नावाच्या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या हातातल्या कॉम्प्युटरमध्ये. तिथे मेमरी थोडी, बॅटरी छोटी, म्हणून प्रत्येक बाइट जपून वापरायचा अशी त्याची रचना. त्या काळासाठी उत्तमच. पण त्यात प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे साध्या स्ट्रिंगसाठीसुद्धा वेगळे नियम, मेमरी साफ करायची जबाबदारीही आपलीच. मेमरी स्वस्त झाल्यावर ही काटकसर ओझं झाली. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं, त्याच वर्षी पहिला अँड्रॉइड फोन आला, आणि बाहेरचे प्रोग्रॅमर तिकडे वळले. नोकियाचं ओव्ही स्टोअर आलं ते मे २००९ मध्ये.

दुसरं कारण, स्क्रीन. नोकियाचा ५८०० आणि नंतरचा एन९७ यांच्यात रेझिस्टिव्ह टच होता. म्हणजे दोन पारदर्शक वाहक थर, मध्ये बारीक फट. वरून दाबलं की थर एकमेकांना टेकतात, त्या जागी व्होल्टेज विभागतं आणि त्यावरून जागा कळते. आपल्या पोटेन्शिओमीटरचंच तत्त्व. नखाने, पेनाने, कशानेही चालतो, पण दाबावं लागतं, आणि दोन बोटं एकदम ठेवली की गोंधळ. आयफोनचा टच कपॅसिटिव्ह. बोट जवळ आलं की कपॅसिटन्स बदलतो, दाबायची गरज नाही, दोन बोटं वेगवेगळी ओळखू येतात. मी २००९ मध्ये पहिल्या पगारातून ५८०० घेतला होता आणि त्याचा मला अभिमान होता. एकदा मित्राच्या फोनवर दोन बोटांनी फोटो मोठा करून बघितला. त्या क्षणी मनात कुठेतरी चर्र झालं. मी कोणाला बोललो नाही. निष्ठावंत माणूस असाच असतो!

तिसरं कारण आपल्या बाजारातलं. घरच्यांशी बोलायला एक कार्ड, स्वस्त रात्रीच्या दरासाठी दुसरं, अशी दोन सिमकार्डं खिशात घेऊन फिरणारा देश आपला. मायक्रोमॅक्ससारख्या कंपन्यांनी ड्युअल सिम फोन देऊन ही नाडी पकडली. नोकियाचे ड्युअल सिम फोन आले २०१०-११ मध्ये, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पोचलं होतं.

आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त लागलं. ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने जाहीर केलं, की यापुढे आमचे स्मार्टफोन मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनवर चालतील. म्हणजे ज्यांच्या हातात सिम्बियन होता त्यांना सांगितलं, तुमची गाडी शेवटच्या स्टेशनकडे निघाली आहे. आणि नवी गाडी, पहिला ल्युमिया, फलाटावर लागली ऑक्टोबरमध्ये. मधले आठ महिने जुना माल कोण घेणार? पुढची कडी ऐका. ल्युमिया ९०० अमेरिकेत एप्रिल २०१२ मध्ये आला आणि जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं, की आताच्या फोनना विंडोज फोन ८ मिळणार नाही. कारण तांत्रिक होतं : जुनी आवृत्ती विंडोज सीईच्या कर्नलवर, नवी एनटीच्या कर्नलवर. कारण खरं असेल. पण ज्याने दोन महिन्यांपूर्वी विश्वासाने पैसे मोजले त्याला कर्नलशी काय घेणंदेणं?

त्याच २०१२ मध्ये चौदा वर्षं पहिल्या नंबरवर असलेल्या नोकियाला सॅमसंगने मागे टाकलं. आणि त्याच वर्षी मीही गेलो. सीताबर्डीवरच्या एका दुकानात उभं राहून दुसऱ्या कंपनीचा फोन घेतला. घरी आल्यावर बाबा म्हणाले, "काऊन बे, नोकिया सोडला का?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना बंद पडला. हजारो तरुणांचं काम गेलं. माझं तर फक्त मन दुखलं होतं.

आता मूळ प्रश्न. नोकियाकडे हुशार इंजिनीअर नव्हते का? होते, भरपूर होते. २०१६ मध्ये व्होरी आणि हुय या दोन अभ्यासकांनी ७६ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात निघालेली गोष्ट फार साधी आहे : भीती. वरचे साहेब स्पर्धकांना आणि शेअर बाजाराला भीत होते, मधले अधिकारी वरच्या साहेबांना भीत होते. सॉफ्टवेअर वेळेत होणार नाही हे खाली ठाऊक होतं, पण वर सांगताना सगळं आलबेल. वरच्यांना खरं कळलंच नाही, आणि जे कळलं ते फार उशिरा.

हे वाचलं तेव्हा मला फिनलंड आठवला नाही, आपली लॅब आठवली. रीडिंग जुळत नाही म्हणून मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवलेला ग्राफ. गाईडला "सर, नव्वद टक्के झालं" म्हणून सांगितलेला प्रोजेक्ट, ज्याचा सर्किट बोर्डही अजून आलेला नाही. आणि खरं सांगणाऱ्या पोरावर ओरडणारे आम्ही स्टाफवाले! मीही ओरडलोय, कबूल करतो. या सत्रापासून मी एक ठरवलं आहे. माझ्या बॅचमध्ये चुकलेलं पण खरं रीडिंग आणलं तर मार्क कापणार नाही. का चुकलं ते मात्र सांगावं लागेल.

आज नोकिया संपलेली नाही. ती आता मुख्यतः नेटवर्कची यंत्रसामग्री बनवते, एअरटेल आणि जिओच्या जाळ्यातही तिची उपकरणं आहेत. म्हणजे मेसमध्ये भांडणाऱ्या त्या दोघांचे कॉल कधीतरी माझ्या जुन्या कंपनीतूनच जात असतील. आणि बीएल-५सी? आठवडी बाजारात मिळणाऱ्या छोट्या एफ.एम. रेडिओचं मागचं झाकण काढून बघा, बहुधा तीच दिसेल.

तर दोस्तहो, फोनवर प्रेम करा, पण कंपनीसाठी मित्राशी भांडू नका. कंपनीला तुमचं नावही माहीत नसतं. बाबांचा ११०० अजून आमच्या कपाटात आहे. मागच्या महिन्यात लाईट गेले तेव्हा सहज चार्ज करून बघितला. टॉर्च लागला.